नळी एकट्याने होत नाही

शेरिलने लिहून दिलेलं वाक्य मी पहिल्याच शनिवारी म्हणायचं टाळलं. वाक्य दिसायला गरीब होतं. ‘ही रायफल पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात एका कारागिराने एकट्याने, स्वतःच्या दोन हातांनी घडवली.’ मी काचेच्या पेटीपुढे उभी होते, समोर दहाबारा पाहुणे, आणि ‘एकट्याने’पाशी येऊन माझी जीभ अडली. मी म्हणाले, “ही रायफल पेनसिल्व्हेनियात घडली. कोणाकोणाचे हात लागले ते आपल्याला माहीत नाही.” मागे उभ्या असलेल्या शेरिलच्या भुवया वर गेल्या आणि बरेच दिवस तिथेच राहिल्या.

शेरिल ही सिंगापुरात हार्बरफ्रंटजवळच्या एका छोट्या खाजगी संग्रहालयाची क्युरेटर. एका जहाजमालकाने आयुष्यभर जमवलेल्या वस्तू जुन्या गोदामात मांडून ठेवल्या आहेत, आणि त्यात अमेरिकेतली ही सव्वादोनशे वर्षांपूर्वीची चकमकीची रायफल आहे. मी तिथे शनिवारी हौस म्हणून गाइडचं काम करते. एरवी मी जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी घातलेल्या सांध्यांना नावं ठेवायचा मला पगार मिळतो. स्वभावही तसाच आहे असं माझा नवरा म्हणतो.

रायफल मात्र देखणी आहे, हे कबूल करायलाच हवं. उभी केली तर माझ्या हनुवटीपर्यंत येते. मेपलच्या लाकडाचा दस्ता, त्यावर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे. दस्त्यात पितळी झाकणाची डबी, चिंध्या ठेवायला. कारण गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून नळीत ठासायची असते. चापाच्या चिमट्यात गारगोटी. घोडा दाबला की ती पोलादी पातीवर घासून आपटते, ठिणग्या खालच्या पळीतल्या रंजकेवर, म्हणजे चिमूटभर बारीक दारूवर, पडतात आणि नळीच्या कानातून, म्हणजे कडेच्या बारीक भोकातून, आग आत शिरते. नळीच्या पोटात पिळदार चर आहेत. लाकडाच्या पिळदार दांड्याला बारीकसं पातं बसवून ते नळीतून पुन्हापुन्हा ओढायचं, प्रत्येक वेळी पात्याखाली कागदाचा कपटा घालून त्याला जरासं उचलायचं, तेव्हा एक चर होतो. या बंदुकांना चापाचं यंत्र पुष्कळदा इंग्लंडहून नाहीतर जर्मनीहून आलेलं असे, आणि आमच्या रायफलीच्या चापावर इंग्लंडचा छाप चक्क दिसतो. म्हणजे ‘एकट्याने’ तिथेच लंगडं पडलं होतं. पण माझं खरं भांडण नळीवरून होतं.

ती नळी घडीव लोखंडाची आहे. जाड पट्टी तापवायची, सळईभोवती वळवायची, कडेवर कड चढवायची आणि वीतभर भाग पांढराफेक तापवून घणाने एकजीव करायचा. लगेच सळई काढून घ्यायची, नाहीतर ती आतच अडकून बसते. मग पुढची वीत. अख्खी नळी अशी वीत वीत करून जोडायची, आणि त्यानंतर आतून कोरून, बाहेरून घासून तिचे आठ पैलू करायचे. नळी दस्त्यातून काढून घेतलेला एक फोटो संग्रहालयात आहे, त्यात खालच्या पैलूवर तो सांधा केसासारखा दिसतो. पांढरं लोखंड फार वेळ पांढरं राहत नाही. तेवढ्यात एकाने ते सांडशीत धरून फिरवायचं आणि दुसऱ्याने घण घालायचा. भात्यावर तिसरा असतो तो वेगळाच.

हे मी शेरिलला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “त्याच्याकडे पाणचक्कीवर चालणारा घण असेल.”

“मग पाणचक्की लिहा. आणि ती चालवणारा माणूसही लिहा.”

“सरोजिनी, लोकांना एक माणूस लागतो. एक नाव, एक गोष्ट. नळीवर सही एकाचीच आहे.”

सही एकाचीच आहे. ते वाक्य ऐकून माझ्या कपाळाची शीर उडायला लागली, कारण ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मी घिसाड्याची मुलगी. आमचं बिऱ्हाड गाड्यावर, आज या गावाच्या वेशीवर, उद्या त्या बाजारात. बाप सांडशी धरायचा आणि घण आई मारायची. आमच्यात घण बाईच मारते. बाप छोट्या हातोडीने लोखंडावर टिचकी मारून जागा दाखवायचा, आई नेमकी तिथे घण घालायची. त्याने मोकळ्या ऐरणीवर टिचकी मारली की थांबायची. भट्टी चालू असताना दोघांत एवढंच बोलणं. आता आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तिची वेणी माझी वहिनी घालते. आणि गावात कोणी विचारलं, विळा कोणाचा, तर उत्तर ठरलेलं असायचं. यशवंता घिसाड्याचा.

हे सगळं मी शेरिलला सांगितलं नाही. कारण संग्राम.

संग्राम माझा नवरा. आमच्याच जातीतला, फलटणजवळच्या पालावर वाढलेला, पुढे मरीन इंजिनीअर झालेला, जहाजं फिरून आता इथल्याच एका शिपिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावर बसलेला. कॉलेजच्या मेसमध्ये पोरं त्याच्यापुढे बोथट चमचा धरून म्हणायची, “ए, धार लावून दे.” ते त्याने मनात ठेवलं आणि सिंगापूरला येताना घिसाडी हा शब्द मागे टाकून आला. आमची बोलीसुद्धा मागेच ठेवली; घरात आम्ही पुस्तकात छापायच्या लायकीचं मराठी बोलतो. आडनाव चव्हाण असल्यामुळे त्याचं काम सोपं झालं. इथल्या मराठी मंडळात कुमुदताई म्हणून एक बाई आहेत, प्रेमळ, सणाला डबे भरभरून पाठवणाऱ्या, पण नव्या माणसाचं कूळमूळ कळल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं होतं, “चव्हाण म्हणजे कुठले चव्हाण?” संग्राम म्हणाला, “फलटणकडचे,” आणि लगेच त्यांच्या पुरणपोळीचं कौतुक करायला लागला. बाकीचं कुमुदताईंनी स्वतःच्या मनाने भरून घेतलं, आणि आम्ही बऱ्यापैकी मोठ्या घरचे ठरलो. मला त्याचा राग यायचा. पण ज्याच्या तोंडापुढे चमचा धरला गेला त्याला शहाणपण शिकवायला माझी जीभ रेटायची नाही, म्हणून मी गप्प बसत आले.

मग प्रात्यक्षिक ठरलं. संग्रहालयाच्या वाढदिवसाला गोदामाच्या अंगणात भट्टी पेटवून जुन्या पद्धतीने नळी कशी जोडत ते दाखवायचं. सिंगापुरात बंदुकीचं नाव निघालं की परवानग्यांना अंत नाही, म्हणून ठरला नुसता वीतभर तुकडा. दोन्ही टोकं उघडी, चर नाहीत, कान नाही. पर्थहून कार्ल नावाचा लोहार आला. उंचापुरा, हसरा, चामड्याचा एप्रन घालून फोटोसाठी जन्मलेला. संग्राम खूश झाला, त्याने अख्ख्या मंडळाला आमंत्रण दिलं. बायको गाइड आहे, इंग्रजीत बोलते, हे लोकांना दिसावं एवढीच त्याची हौस.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. कार्लने पट्टी तापवली, सळईभोवती वळवली आणि एका हातात सांडशी, एका हातात हातोडा घेऊन एकटाच ठोकायला लागला. हातोडा हलका, पट्टी जाड. लोखंड पांढऱ्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं लाल झालं आणि सांध्याची कड उघडीच राहिली. वर सळई आत अडकून बसली. कार्लने कपाळ पुसलं आणि शांतपणे टेबलाखालून एक दुसरा तुकडा काढला. छान जोडलेला, थंडगार. घरून करून आणला होता.

“उद्या इथपर्यंत ठोकेन,” तो म्हणाला, “मग हा दाखवेन. टीव्हीवर केक करतात ना, तसं.”

“तो कसा जोडला?” मी विचारलं.

“माझ्याकडे मशिनचा घण आहे,” तो म्हणाला. माणूस खोटारडा नव्हता, विचारलं की सांगत होता.

भट्टीशेजारी उद्यासाठी फलक उभा केलेला होता, हातभर अक्षरांत. एक कारागीर. एकट्याने. मी नोकरीत नापास सांधा पास करत नाही, जहाजाचा मालक समोर उभा राहिला तरी नाही. मी शेरिलला म्हणाले, “टेबलाखालचा तुकडा निघणार असेल तर उद्या मी बोलणार नाही. आणि काढायचा नसेल तर याला घण मारणारं माणूस लागेल. मी मारते.”

शेरिल हसली. मी हसत नाही हे पाहून थांबली. “विम्याचे लोक विचारतील. तू शिकलीस कुठे? मी तुझी ओळख काय म्हणून करून देऊ?”

एवढ्या सरळ प्रश्नाचं उत्तर मला माझ्या नवऱ्याला विचारल्याशिवाय देता येत नव्हतं, याची मला त्या क्षणी भयंकर चीड आली. म्हणून मी विचारलंच नाही. मी उत्तर दिलं. पालावर शिकले, आईकडून. आम्ही घिसाडी. शेरिलला त्या शब्दाचं वजन ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिने तो मला दोनदा म्हणायला लावला आणि नीट लक्षात ठेवला.

पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटवर जेवताना मी ते संग्रामला सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

“सरू, मंडळाची झाडून सगळी माणसं मीच बोलावलीत.”

“बरं झालं. बघतील.”

“काय बघतील? रस्त्यावर घण मारणारी बाई बघतील. तुला वाटतं टाळ्या वाजवतील? तोंडावर वाजवतील. मग घरी जाऊन काय बोलतील ते मला पाठ आहे.”

“बोलू देत की.”

“तुला काय जातं बोलायला. तुझ्यापुढे कोणी चमचा धरला नव्हता.”

“माझ्या आईच्या हातात घण होता, संग्राम. तिचा खांदा गेला आणि नाव बापाचं झालं. आता सातासमुद्रापार कोणीतरी दुसरीचा, नाहीतर दुसऱ्याचा, खांदा पुसून टाकतंय आणि ते वाक्य माझ्याच तोंडून वदवून घेतंय. मी नाही म्हणणार. तुला लाज वाटत असेल तर घरी थांब.”

तेवढ्यात आमची गार्गी, पॉलिटेक्निकला जाणारी, कानातला एक इअरफोन काढून म्हणाली, “मम्मी, व्हॉट इज घिसाडी?”

संग्रामने माझ्याकडे असं पाहिलं की एरवी मी गप्प बसले असते. मी सांगितलं. गाडा, भाता, ऐरण, आजी, सगळं. गार्गीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि इथली पोरं वाक्यामागे ‘लेह’ लावून बोलतात तसं म्हणाली, “सो आजी वॉज अ ब्लॅकस्मिथ? व्हाय नोबडी टेल मी? पप्पा सेड स्टील बिझनेस लेह.”

“स्टीलचाच होता,” मी म्हणाले. “विळे, कोयते, खुरपी.”

संग्राम ताट तसंच ठेवून उठला. मला वाईट वाटलं, पण घण मारायचा विचार काही बदलला नाही.

शनिवारी अंगण भरलं. कुमुदताई रेशमी साडीत पहिल्या रांगेत. संग्राम सगळ्यांच्या मागे, दाराजवळ, केव्हाही सटकता येईल असा. मी यार्डातले जाड बूट घातले होते, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. शेरिल माइकवर म्हणाली, “आज घण मारणार आहेत सरोजिनी चव्हाण. त्या वेल्डिंग इन्स्पेक्टर आहेत आणि महाराष्ट्रातल्या घिसाडी या फिरत्या लोहार समाजातल्या आहेत. हे काम त्या आईकडून शिकल्या.” शब्द तिने चोख उच्चारला. मराठी रांगांमध्ये माना एकमेकींकडे वळल्या. कुमुदताईंनी मागे वळून संग्रामला शोधलं. मी तिकडे पाहायचं सोडून दिलं आणि घण उचलला.

घण माझ्या आठवणीपेक्षा जड होता. कार्लने सांधा धरावा म्हणून पट्टीवर टाकणखार भुरभुरला, पुन्हा भट्टीत घातली. लोखंड ओलं दिसायला लागलं, एखाददुसरी ठिणगी उडाली. त्याने ते ऐरणीवर आणलं आणि म्हणाला, “नाऊ.”

मी मारला. घण सांध्याच्या बाजूला पडला. त्याने तुकडा फिरवला, “नाऊ,” मी मारला, तोवर त्याने पुन्हा फिरवला होता. चूक त्याची एकट्याची नव्हती. मशिनला जागा दाखवावी लागत नाही, आणि मशिनखेरीज कोणाबरोबर त्याने काम केलेलं नव्हतं. मला मात्र दाखवल्याशिवाय कुठे मारायचं ते कळत नव्हतं. तिसरा घाव सांडशीला चाटून गेला आणि पहिल्या रांगेतल्या कोणीतरी “अगं बाई” म्हटलं. लोखंड लाल पडत चाललं होतं. सांधा उघडा होता. कार्ल टेबलाकडे बघायला लागला, त्या खालच्या तुकड्याकडे. मला आईचा न उचलला जाणारा हात आठवला आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळ्यांसमोर आपण हरतोय याचा असा संताप आला की घण फेकून द्यावा.

“थांब. जागा मी दाखवतो.”

हे आमच्या बोलीत आलं. सिंगापुरात इतकी वर्षं मी ती बोली मोठ्याने ऐकली नव्हती. संग्राम खुर्च्यांमधून वाट काढत येत होता, ऑफिसच्या शर्टाच्या बाह्या वर सारत. तो ओरडला हे त्याला ओरडल्यावर कळलं असावं, कारण मधेच एक क्षण तो थबकला. पण लोखंड गार होत असताना तिथे उभं राहणं पालावर वाढलेल्या माणसाला जमत नाही. त्याने कार्लच्या हातातून सांडशी घेतली, “एक्स्क्यूज मी” म्हणाला तेही सवयीने, आणि तुकडा परत भट्टीत सारला.

या वेळी तो घाई न करता थांबला. लोखंड सशाच्या डोळ्यासारखं लाल असताना काढायचं नाही, डोळ्यांनी बघवेनासं झालं की काढायचं, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने ते ऐरणीवर ठेवलं, डाव्या हातात सांडशी, उजव्यात छोटी हातोडी. टिच. मी तिथे मारला. त्याने जरा फिरवलं. टिच. मी मारला. पुढे मला काही दिसलं नाही, टिचकी आणि घण एवढंच होतं, आणि दोन्हींत अंतर सारखं होतं. माझा खांदा पेटला होता. सांध्यावर सांधा दिसेनासा झाला. मग मोकळ्या ऐरणीवर हातोडी वाजली आणि मी थांबले. कार्लने धावत येऊन सळई ओढली, ती सरळ बाहेर आली.

नंतर टाळ्या झाल्या, सगळ्यांनी वाजवल्या असं मी म्हणणार नाही. कार्ल माइकजवळ जाऊन म्हणाला, “काल मी हे एकट्याने करून पाहिलं. जमलं नाही.” मी त्याला त्यापूर्वीचं सगळं माफ करून टाकलं.

माझ्या खिशात पिवळा खडू होता. यार्डात सांधा नापास झाला की मी त्याने फुली मारते. मी हातमोजा काढला, फलकापाशी गेले आणि ‘एकट्याने’वर फुली मारली. शेरिल म्हणाली, “अगं, पण तिथे लिहायचं काय? दुसऱ्याचं नाव आपल्याला माहीत नाही.”

“तसंच लिहा. घण मारणाऱ्याचं नाव माहीत नाही. पण घण होता.”

शेरिलने फुलीकडे पाहिलं, मग ऐरणीवरच्या तुकड्याकडे, आणि माझ्या हातातला खडू मागून घेतला. फुलीच्या वर तिने माझं वाक्य शब्दाला शब्द लिहिलं.

कुमुदताई उठून आमच्यापाशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त आपल्याला कोणीतरी फसवलं असं वाटणाऱ्या माणसाचा गोंधळ होता. त्यांनी मला ओलांडून संग्रामला विचारलं, हळू आवाजात, त्याची सोय बघावी तसं. “अहो, हे फक्त त्यांच्या माहेरचं ना? तुम्ही तर फलटणकडचे चव्हाण.”

त्याचा शर्ट काजळीने माखला होता. सांडशी अजून हातात होती. गार्गी त्याच्या मागे येऊन उभी राहिलेली मला दिसली, त्याला दिसली नाही. हा प्रश्न मला नाही, त्याला आला होता.

“फलटणकडचेच,” संग्राम म्हणाला. “फलटणकडचे घिसाडी. माझी आई घण मारायची, कुमुदताई. तुमच्या गावातही आली असेल.”